विश्लेषण : जुहूला नेमके कधी जावे? चौपाटीचे बारा महिने आणि समुद्राचे वेळापत्रक

गावाकडून पाहुणे आले, की मुंबईकराच्या यादीत जुहू चौपाटी ठरलेली असते. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, नाताळ किंवा एखादा रिकामा रविवार, निमित्त कोणतेही चालते. चौपाटीला तिकीट नाही, आरक्षण नाही आणि ती बारा महिने खुली, त्यामुळे तिथे जाण्यासाठी नियोजन करावे लागते असे कुणाला वाटत नाही. मात्र हाच किनारा जानेवारीत जितका शांत असतो, तितकाच जूनमध्ये जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे कोणत्या महिन्यात काय पाहावे, कोणत्या वेळी पाण्यापासून लांब राहावे आणि भरती-ओहोटीचे गणित घरबसल्या कसे मांडावे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

जुहूला ‘मोसम’ असतो का?

असतो, आणि तो जुना आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले, ते जुहूच्या विमानतळावर. देशातील नागरी विमानसेवेची ती सुरुवात होती. पण पावसाळा आला, की जुहूची धावपट्टी चिखलात जाई आणि टाटांना सगळा बाडबिस्तरा घेऊन पुण्याला येरवड्याच्या मैदानावर जावे लागे. म्हणजे विमान कंपनीलाही जुहूचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलावे लागत होते.

हवापालटासाठीही जुहू प्रसिद्ध होते. येरवडा तुरुंगातून सुटल्यानंतर, शस्त्रक्रियेमुळे अशक्त झालेले महात्मा गांधी १९२४ च्या मार्च ते मे या काळात येथे विश्रांतीसाठी राहिले. मे १९४४ मध्ये आगा खान पॅलेसमधून सुटका झाल्यावरही ते जुहूलाच आले. दोन्ही वेळा ते उन्हाळ्यात राहिले. या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो. हा वारा आजही तसाच येतो. बदलले आहे ते गर्दीचे प्रमाण आणि पाण्याची अवस्था.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : सर्वांत सोयीचा काळ का?

पावसाळ्यात नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा किनाऱ्यावरील वाळू ओढून नेतात. पाऊस ओसरल्यावर शांत लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. त्यामुळे हिवाळ्यात किनारा रुंद आणि समुद्र तुलनेने शांत असतो. सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीतील सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असते, म्हणजे पहाटे फिरायला येणाऱ्यांना हलका स्वेटर पुरतो. वृद्ध आणि लहान मुले सोबत असतील, तर हेच चार महिने निवडावेत.

या काळातील सूर्यास्त मात्र लवकर होतो. नोव्हेंबरअखेरीस मुंबईत सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. कार्यालय सुटल्यावर सूर्यास्त गाठायचा असेल, तर डिसेंबरमध्ये ते जमत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

हिवाळ्याची एक दुसरी बाजूही आहे. या दिवसांत समुद्री वाऱ्याचा जोर कमी पडतो, जमिनीकडून वारे वाहतात आणि शहरातील धूळ व धूर खालच्या थरात अडकून राहतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चौपाटीवरून समोरचे काही दिसत नाही, तेव्हा ते सगळे धुके नसते. दमा असलेल्यांनी हवेचा निर्देशांक पाहून बाहेर पडावे आणि सकाळऐवजी दुपारनंतरची वेळ निवडावी.

मार्च ते मे : ऊन किती, वारा किती?

मुंबईतील उन्हाळ्याचा त्रास पाऱ्यापेक्षा दमटपणामुळे अधिक होतो. मे महिन्यात सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या घरात असते. त्याहून वर पारा चढतो तो अनेकदा मार्चमध्ये. सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदले गेले होते. त्याचे कारण वाऱ्यात आहे. एरवी दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा सुरू होतो आणि शहर थंड करतो. मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडील कोरडे वारे त्याला थोपवून धरतात. वारा जितका उशिरा, तितका पारा वर.

म्हणून उन्हाळ्यात चौपाटीची वेळ सकाळी साडेआठच्या आत किंवा सायंकाळी साडेपाचनंतरची. भर दुपारी वाळू इतकी तापते, की लहान मुलांचे पाय पोळतात. पाण्याची बाटली, टोपी आणि ताक किंवा लिंबूसरबत एवढी तयारी पुरेशी आहे. बर्फाचा गोला खायचा असेल, तर बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे विचारायला संकोच करू नये.

मे महिन्यात आणखी एक धोका असतो. आकाश निरभ्र, वारा मंद, तरीही लाटा अचानक मोठ्या होतात. हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात उठलेल्या वादळांच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही समुद्र माहिती सेवा देणारी केंद्रीय संस्था त्याबाबत इशारे देते. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईसह कोकण किनाऱ्यासाठी असा इशारा देण्यात आला होता. त्यामुळे मे महिन्यात नुसते आकाश पाहून समुद्राचा अंदाज बांधू नये.

जून ते सप्टेंबर : सर्वांत सुंदर आणि सर्वांत धोकादायक का?

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. सांताक्रूझ येथे मोसमात सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस होतो आणि एकट्या जुलैचा वाटा ९०० मिलिमीटरहून अधिक असतो. या काळात उसळणारा समुद्र पाहण्यासाठी जुहूला गर्दी होते, ती समजण्यासारखी आहे. मात्र तो पाहायचा आहे तो रस्त्यावरून किंवा कोरड्या वाळूवरून.

या वाऱ्यात किती जोर असतो, याचे उदाहरण २०११ मध्ये दिसले. त्या वर्षी जूनमध्ये अलंगला भंगारात निघालेले ‘एमव्ही विस्डम’ हे जहाज दोर तुटून जुहूच्या वाळूत येऊन रुतले. जुलैअखेरीस ‘एमटी पवित’ हे ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले तेलवाहू जहाज अरबी समुद्र पार करून पुन्हा जुहूलाच लागले. दोन्ही जहाजांवर चालवणारे कुणी नव्हते, वारा आणि प्रवाह यांनीच त्यांना किनाऱ्याला लावले. ज्या पाण्याने जहाज वाहून आणले, त्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरणेही धोक्याचे आहे.

१२ जून २०२३ रोजी अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ होते. ते मुंबईवर आले नाही, शेकडो किलोमीटर दूरच होते. तरीही त्याच्या लाटांनी जुहू कोळीवाड्याच्या बाजूने समुद्रात गेलेल्या वाकोला परिसरातील चार मुलांचा बळी घेतला. ही मुले १२ ते १६ वर्षांची होती.

अशा घटना बहुतेक वेळा जूनमध्येच का घडतात? कारण शाळेचे वेळापत्रक आणि समुद्राचे वेळापत्रक जुळत नाही. मुलांना सुट्टी असते, उकाडा शिगेला पोहोचलेला असतो, पहिल्या सरींचा आनंद असतो आणि नेमका त्याच वेळी समुद्र खवळू लागतो. मे महिन्यात जिथे मुले कमरेएवढ्या पाण्यात खेळली, तिथेच पंधरा दिवसांनी पायाखालची वाळू सरकते. लाट किनाऱ्यावर आपटते तेव्हा भीती वाटते, पण ओढून नेते ते परत जाणारे पाणी. पोहता येणाऱ्यालाही त्या प्रवाहाविरुद्ध किनाऱ्याकडे येणे जमत नाही.

भरतीची वेळ घरी कशी काढावी?

कोळीवाड्यांत पिढ्यानपिढ्या वापरला जाणारा हिशेब सोपा आहे. दिनदर्शिकेत त्या दिवशीची तिथी पाहावी आणि तिची पाऊणपट करावी. येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हिशेब तोच. भरती दिवसातून दोनदा येते, सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने. दोन भरतींच्या मध्ये, साधारण सहा तासांनी ओहोटी असते. प्रत्यक्ष वेळ अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून थोडी पुढे जाते. त्यामुळे अचूक वेळेसाठी पालिकेचे किंवा हवामान विभागाचे तक्ते पाहावेत, पण सहल ठरवताना हा हिशेब पुरतो.

त्याचा उपयोग असा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान येते आणि सायंकाळी सहा-सातला पूर्ण ओहोटी असते. म्हणजे सूर्यास्ताला पाणी खूप आत गेलेले आणि ओली वाळू लांबवर पसरलेली. दृश्य सुंदर असते, मात्र याच वेळी लोक नकळत खूप आत चालत जातात. ओहोटी संपते, पाणी फिरते आणि तोवर अंधार पडलेला असतो. जुहूचा किनारा सपाट असल्याने येणारे पाणी आडव्या पट्ट्यांनी झपाट्याने पसरते आणि मागचा खळगा आधी भरतो. सूर्यास्त झाला, की परत फिरावे, हा नियम घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावा.

अष्टमीच्या सुमारास चित्र उलटे असते. सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, पण ती ‘भांगाची’, म्हणजे कमी उंचीची. पाणी जवळ, चढ-उतार कमी. लहान मुलांना घेऊन बिगरपावसाळी सहल ठरवायची असेल, तर ही सायंकाळ अधिक सोयीची.

पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस मुंबई महापालिका दरवर्षी आधीच जाहीर करते. हे दिवस बहुधा पौर्णिमा-अमावास्येला लागून असतात. त्या दिवशी मुसळधार पाऊसही असेल, तर प्रश्न केवळ चौपाटीचा राहत नाही. पाण्याचा निचरा होत नाही, अंधेरी आणि मिलन भुयारी मार्गांत पाणी साचते आणि पश्चिमेकडून पूर्वेला परतणे कठीण होते. अंधेरी पूर्व, घाटकोपर किंवा मुलुंडला जाणाऱ्या कुटुंबांनी असा दिवस टाळलेलाच बरा. हवामान विभागाचा नारंगी किंवा लाल इशारा असेल, तर किनाऱ्यावर सकाळी ६ ते १० या वेळेतच प्रवेश देण्याचा निर्णय पालिकेने २०२२ मध्ये घेतला होता. असे निर्बंध दरवर्षी तपासून घ्यावेत.

पाण्यात उतरावे का?

पोहण्यासाठी जुहू कोणत्याही महिन्यात योग्य नाही. इर्ला नाल्यासह उपनगरांतील सांडपाणी या किनाऱ्याच्या परिसरात समुद्राला मिळते. पोहण्यायोग्य समुद्राच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमागे मैलाजन्य जिवाणूंची संख्या १०० पर्यंत असावी, असा निकष आहे. जुहूचे पाणी अनेकदा त्यात बसत नाही. पाय भिजवणे वेगळे आणि डोके बुडवणे वेगळे. पायाला जखम असेल, तर पाय भिजवणेही टाळावे. घरी गेल्यावर मुलांचे हातपाय साबणाने धुवावेत.

पावसाळ्यात दोन पाहुणे हमखास येतात. पहिला म्हणजे डांबरगोळे. समुद्रात सांडलेले तेल घट्ट होऊन काळ्या गोळ्यांच्या रूपात किनाऱ्याला लागते. ते तळव्यांना चिकटले, तर पाण्याने निघत नाही. खोबरेल तेल चोळून पुसावे आणि मग साबण लावावा. दुसरा म्हणजे निळ्या फुग्यासारखा दिसणारा ‘ब्लू बॉटल’ हा जेलीफिशसदृश जीव. तो बहुधा ऑगस्टच्या सुमारास वाहून येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांना त्याचे दंश झाले होते. वाळूत मेलेला दिसला, तरी त्याच्या धाग्यांत विष शिल्लक असते. मुले तो फुगा समजून उचलतात, म्हणून त्यांना आधीच सांगावे. दंश झाल्यास जागा चोळू नये. धागे चिमट्याने किंवा जाड पुठ्ठ्याने अलगद काढावेत, समुद्राच्या पाण्याने धुवावे आणि नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात ती जागा सुमारे वीस मिनिटे बुडवावी. श्वास घेण्यास त्रास झाला किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर थेट रुग्णालय गाठावे.

सणांच्या दिवशी काय लक्षात ठेवावे?

जुहू हे उपनगरांतील गणेश विसर्जनाचे मोठे ठिकाण आहे. दीड दिवसाच्या, पाचव्या, सातव्या दिवसाच्या आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाला येथील रस्ते बंद किंवा एकेरी केले जातात. त्या दिवशी केवळ फिरायला येऊ नये. विसर्जनासाठी येणाऱ्यांनी मूर्ती जीवरक्षक किंवा पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या हाती द्यावी, स्वतः पाण्यात शिरू नये.

दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध षष्ठीला छठपूजेसाठी उत्तर भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने येथे जमतात. षष्ठीची पाऊणपट साडेचार, म्हणजे मावळतीच्या अर्घ्याला पाणी जवळ असते. ३१ डिसेंबरच्या रात्री आणि मे महिन्यातील रविवारी सायंकाळी तर पाऊल ठेवायला जागा नसते. त्याऐवजी मंगळवार ते गुरुवारची सकाळ निवडली, तर तोच किनारा मोकळा मिळतो.

समुद्रात न उतरता दिवस कसा घालवावा?

ओहोटीच्या वेळी जुहूच्या खडकाळ भागात समुद्री फुले, खेकडे, शंख-शिंपल्यांतील जिवंत प्राणी दिसतात. २०१७ मध्ये सुरू झालेला ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम अशा किनारफेऱ्या घडवतो. हिवाळ्यातील उधाणाच्या ओहोटीला हा कार्यक्रम मुलांसाठी उत्तम. पायात पक्के बूट घालावेत आणि काहीही उचलून घरी आणू नये.

पाऊस असेल, तर छपराखालचे पर्याय जवळच आहेत. जेनिफर आणि शशी कपूर यांनी नोव्हेंबर १९७८ मध्ये सुरू केलेले पृथ्वी थिएटर चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे सहसा सोमवारी प्रयोग नसतात. त्याच वर्षी उघडलेले इस्कॉनचे मंदिरही याच परिसरात आहे, जन्माष्टमीला मात्र तेथे प्रचंड गर्दी असते. मासळी खायची असेल, तर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, हे लक्षात ठेवावे. ताजी मासळी हवी असेल, तर नारळी पौर्णिमेनंतरचा काळ योग्य.

जावे कसे?

विलेपार्ले, सांताक्रूझ आणि अंधेरी या तिन्ही स्थानकांच्या पश्चिमेकडून रिक्षा आणि बेस्टच्या बस मिळतात. घाटकोपरहून मेट्रो १ ने डी. एन. नगरपर्यंत येऊन पुढे रिक्षा करता येते. बोरिवली, दहिसरकडून येणाऱ्यांना मेट्रो २ अ याच ठिकाणी आणून सोडते. दक्षिण मुंबईतून येणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे ही मेट्रो ३ पूर्ण मार्गावर सुरू झाली आहे, तिचे सांताक्रूझ स्थानक त्यातल्या त्यात सोयीचे. सुट्टीच्या सायंकाळी जुहू तारा रस्त्यावर वाहने रांगत असतात, त्यामुळे स्वतःची गाडी टाळावी.

कुणी बुडताना दिसले तर?

मदतीसाठी मागोमाग पाण्यात उडी घेणे, ही सर्वांत घातक चूक. एकाला वाचवताना दुसरा, दुसऱ्याला धरताना तिसरा ओढला जातो. आधी जीवरक्षकाला हाक मारावी. दोर, ओढणी, रिकामा मोठा प्लॅस्टिकचा डबा, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते फेकावे. ११२ वर किंवा अग्निशमन दलाच्या १०१ वर फोन करावा. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आहे. स्वतः प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. पाठीवर तरंगत राहावे, श्वास जपावा, हात वर करून मदत मागावी आणि ओढ कमी झाल्यावर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे.

वर्षाचे नियोजन एका नजरेत

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : कुटुंब, वृद्ध, लहान मुले यांच्यासाठी उत्तम. ओहोटीच्या किनारफेऱ्या. सूर्यास्त लवकर.

मार्च ते मे : सकाळी लवकर किंवा साडेपाचनंतर. उंच लाटांचे इशारे पाहूनच पाण्याजवळ.

जून ते सप्टेंबर : समुद्र लांबून पाहावा. भरतीचा तक्ता आणि पावसाचा इशारा पाहिल्याशिवाय निघू नये. मुलांना एकटे पाठवू नये.

ऑक्टोबर : पाऊस गेलेला, समुद्र निवळू लागलेला, पण दुपारचा उकाडा मोठा. सायंकाळच बरी.

घरी पाहुणे आल्यावर जुहूचा बेत ठरवण्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात भेळ कोरड्या वाळूवर बसून खायची की रस्त्याच्या कठड्यावर, एवढे ठरले तरी सगळे सुखरूप घरी परततात.